कॉफीचे घरगुती दळण

भाजलेल्या कॉफीबिया पेय बनवण्याच्या आधी घरच्या घरी दळून त्यांची पूड करणे म्हणजे कॉफीचे घरगुती दळण होय. यासाठी खलबत्ता, हाताने फिरवायची चक्की, पात्यांचा विद्युत ग्राइंडर किंवा दातेरी चकत्यांचा ग्राइंडर वापरतात. भाजलेल्या बीतील विद्राव्य घटक पाण्यात किती प्रमाणात आणि किती वेगाने उतरतात, हे मोठ्या अंशी पुडीच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. त्यामुळे बिया, भाजणी आणि पाणी तेच असूनही केवळ दळण बदलल्याने एकच कॉफी आंबट, समतोल किंवा कडवट लागू शकते. इन्स्टंट कॉफी ही आधीच काढलेल्या अर्काची सुकवलेली पूड असल्याने तिला हा विषय लागू होत नाही.

दळण्यामागील तत्त्व

भाजताना कॉफीच्या बीतील पाणी उडून जाते, आत वायू तयार होतो आणि बी फुगून सच्छिद्र व ठिसूळ होते. अशी अख्खी बी उकळत्या पाण्यात टाकली तरी तिच्या अंतर्भागापर्यंत पाणी पोहोचायला फार वेळ लागतो. दळण्याने दोन गोष्टी साधतात: पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो आणि कणाच्या मध्यापर्यंतचे अंतर घटते. पृष्ठभागाची वाढ किती मोठी असते हे साध्या गणिताने कळते. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे १००० घन केले तर एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर होतो आणि ०.१ मिलिमीटर बाजूचे घन केले तर तो ६०० चौरस सेंटिमीटरवर जातो. पदार्थाचे वजन मात्र तेवढेच राहते.

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. तो सगळा पेल्यात उतरावा अशी अपेक्षा मात्र नसते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात केलेल्या कामातून १८ ते २२ टक्के ही निष्कर्षणाची इष्ट मर्यादा रूढ झाली आणि आजही व्यावसायिक प्रशिक्षणात तीच आधाराला घेतली जाते. आम्ल आणि फळांसारखे स्वाद देणारे घटक लवकर उतरतात. कडू व तुरट चव देणारे घटक सावकाश उतरतात. म्हणून अर्क कमी उतरला तर पेय पातळ आणि आंबट लागते आणि जास्त उतरला तर कडवट व घशाला कोरडे लागते.

खरी अडचण सरासरी आकाराची नसून आकारातील तफावतीची असते. कोणत्याही साधनाने दळले तरी पुडीत पिठासारखे अतिसूक्ष्म कण आणि काही जाड तुकडे राहतातच. एकाच भांड्यात पिठूळ कणांतून जरुरीपेक्षा जास्त अर्क उतरतो, तर जाड तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही. परिणामी एकाच घोटात आंबटपणा आणि कडवटपणा दोन्ही जाणवतात. हा दोष पाणी कमी-जास्त करून किंवा वेळ बदलून जात नाही, कारण एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. चांगल्या ग्राइंडरला जास्त पैसे पडतात ते मुख्यतः ही तफावत कमी करण्यासाठी.

ताजेपणा हे घरी दळण्याचे दुसरे कारण सांगितले जाते. बीच्या पेशींत अडकलेला कार्बन डायऑक्साइड आणि सुगंधी बाष्पशील द्रव्ये दळताक्षणी सुटू लागतात. स्वयंपाकघरभर पसरणारा वास हा एका अर्थी पेल्यातून वजा झालेला वासच असतो. शिवाय वाढलेल्या पृष्ठभागामुळे तेलांचे ऑक्सिडीकरण वेगाने होते. बंद डब्यातील अख्ख्या बिया काही आठवडे चांगल्या राहतात, तर उघड्या पाकिटातील पुडीचा वास काही दिवसांतच मंदावतो. हा फरक काळ्या कॉफीत स्पष्ट जाणवतो. भरपूर दूध, साखर आणि चिकोरी घातलेल्या कॉफीत तो बराच झाकला जातो, ही बाब ग्राइंडरच्या जाहिरातींत सहसा येत नाही.

पेयाचा प्रकार आणि कणांचा आकार

सर्वसाधारण नियम असा, की पाणी आणि पूड यांचा संपर्क जितका कमी वेळ, तितके दळण बारीक. तुर्की कॉफी याला अपवाद ठरते. तिच्यात पूड गाळलीच जात नाही, ती पेल्याच्या तळाशी बसावी लागते, म्हणून ती पिठीसाखरेसारखी, साधारण १०० मायक्रॉनच्या आसपास दळतात. एस्प्रेसोत सुमारे ९ बार दाबाचे पाणी अर्ध्या मिनिटाच्या आत पुडीतून जाते. तिची पूड बोटांत चोळल्यास बारीक मिठाहूनही मऊ पण किंचित रवाळ लागते. मोका पॉटसाठी याहून थोडे जाड, कागदी गाळणीतून पाणी ओतून करायच्या कॉफीसाठी बारीक रव्यापासून मध्यम रव्यापर्यंत, आणि चार मिनिटे पूड भिजत ठेवावी लागणाऱ्या फ्रेंच प्रेससाठी जाड रव्यासारखे म्हणजे एक मिलिमीटरच्या जवळपास दळण चालते. रात्रभर थंड पाण्यात भिजवायच्या कॉफीलाही जाड दळणच सोयीचे पडते, कारण ते गाळायला सोपे जाते.

ही वर्णने ढोबळ आहेत. ग्राइंडरवरचे आकडे तर एका यंत्राचे दुसऱ्याला लागू पडत नाहीत. एकाचा १५ हा दुसऱ्याचा ८ असू शकतो. त्यामुळे अंतिम कसोटी वेळ आणि चव हीच असते. दक्षिण भारतीय पद्धतीच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये ही कसोटी डोळ्यांना दिसते. पूड फार बारीक झाली तर भोके बुजतात आणि डिकॉक्शन वरच्या भांड्यात तुंबून राहते. फार जाड झाली तर ओतलेले पाणी पाच-सात मिनिटांत खाली येते आणि डिकॉक्शन दुधात टाकल्यावर दुधाचा रंगही धड बदलत नाही. या फिल्टरसाठीचे दळण एस्प्रेसोपेक्षा जाड आणि कागदी गाळणीच्या दळणापेक्षा बारीक असते.

भाजणीचाही परिणाम होतो. गडद भाजलेली बी अधिक ठिसूळ असल्याने तिचा चुरा जास्त पडतो. हलकी भाजलेली बी कडक असते आणि हाताच्या चक्कीला जोर लागतो. म्हणून बियांचे नवे पाकीट उघडल्यावर जुन्याच खुणेवर ग्राइंडर ठेवून निकाल तोच येईल असे धरता येत नाही.

‘जितके बारीक तितके चांगले’ हा समज एस्प्रेसोच्या बाबतीतही खरा नाही. २०२० मध्ये ‘मॅटर’ या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एका मर्यादेपलीकडे बारीक दळल्यास पुडीच्या थराचे काही भाग बुजतात, पाणी उरलेल्या वाटांनी जाते आणि एकूण निष्कर्षण वाढण्याऐवजी घटते.

इतिहास

कॉफी पिण्याची प्रथा पंधराव्या शतकात येमेनमधील सूफींमध्ये रुजली, आणि सुरुवातीच्या काळात बिया उखळीत किंवा खलबत्त्यात कुटल्या जात. इथिओपियातील पारंपरिक कॉफी समारंभात आजही पाहुण्यांसमोर बिया भाजून लाकडी उखळीत कुटतात. ऑटोमन साम्राज्यात पितळेची, नळकांड्यासारखी हातचक्की प्रचारात आली. तिचे वरचे झाकण काढून बिया घालायच्या, दांडा फिरवायचा आणि खालच्या भागात जमलेली पूड घ्यायची, ही रचना आजच्या हातचक्क्यांत जवळपास तशीच टिकून आहे. तुर्की कॉफीची संस्कृती आणि परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

इंग्लंडमध्ये रिचर्ड डिअरमन यांना १७७९ मध्ये कॉफी दळण्याच्या यंत्राचे एकस्व मिळाले आणि अमेरिकेत टॉमस ब्रफ यांना १७९८ मध्ये भिंतीवर बसवायच्या चक्कीचे. पुढे मोटारगाड्यांसाठी प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सच्या पेजो कुटुंबाने १८४० मध्ये कॉफीची चक्की बाजारात आणली; करवती आणि पोलादी अवजारे बनवण्याचा त्यांचा आधीचा व्यवसाय दातेरी चकत्या घडवण्यास उपयोगी पडला. लाकडी पेटीला खाली खण आणि वर दांडा, अशी जी चक्की चित्रांत दिसते ती याच काळातील युरोपीय घरांतील होय.

अलीकडचा एक बदल वेगळ्याच दिशेने आला. मालकोनिग या जर्मन उत्पादकाचा ईके ४३ हा ग्राइंडर किराणा दुकानांत कॉफी आणि मसाले दळण्यासाठी वापरला जाई. २०१३ च्या जागतिक बरिस्ता स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या मॅट पर्जर यांनी तो एस्प्रेसोसाठी वापरला, आणि त्यानंतर मोठ्या सपाट चकत्यांकडे व्यावसायिकांचे लक्ष वळले. घरगुती यंत्रांतही पुढे तशा चकत्या येऊ लागल्या.

साधनांचे प्रकार

पात्यांचा ग्राइंडर. यात मिनिटाला हजारो फेरे घेणारे पाते बियांवर आदळून त्या फोडते. हे खऱ्या अर्थाने दळणे नव्हे, चिरणे आहे. कण किती बारीक व्हावा हे ठरवणारी कोणतीही फट यात नसते. केवळ वेळ हाती असतो. पात्याच्या वाटेत वारंवार येणारे कण पिठूळ होतात आणि कडेला चिकटलेले अर्धवट राहतात. भारतीय घरांतील मिक्सरचे चटणीचे लहान भांडे हा याच प्रकाराचा भाग आहे. त्यात कॉफी करायची झाल्यास एका वेळी थोड्या बिया घेऊन दोन-दोन सेकंदांचे झटके द्यावेत, मध्ये भांडे हलवावे आणि रव्याच्या चाळणीने चाळून वरचे जाड तुकडे पुन्हा फिरवावेत. सलग फिरवल्यास पूड तापते आणि तफावत वाढते. भांड्याच्या रबरी कड्यात मुरलेला लसणाचा किंवा गरम मसाल्याचा वास कॉफीत हमखास उतरतो, म्हणून वेगळे भांडे ठेवणे बरे. फ्रेंच प्रेस किंवा फिल्टर कॉफीपुरते हे साधन चालून जाते. एस्प्रेसोसाठी ते निरुपयोगी आहे.

दातेरी चकत्यांचा ग्राइंडर. याला व्यवहारात बर ग्राइंडर म्हणतात. त्याचे तत्त्व जात्याचेच आहे: एक चकती स्थिर, दुसरी फिरती, आणि दोहोंमधील फटीतून जाईल एवढा झाल्याशिवाय कण बाहेर पडत नाही. जात्यात दाणे मूठमूठ वैरण्यावर पिठाचा जाड-बारीकपणा काही अंशी अवलंबून असे. येथे फट आटे फिरवून ठरवता येते. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून घ्यावी लागे, त्याचप्रमाणे चकत्यांचे दातही झिजतात. फरक एवढाच, की त्यांना बहुधा धार न लावता त्या बदलतात.

चकत्या शंकूच्या आकाराच्या किंवा सपाट असतात. शंकूच्या रचनेत बी वरून खाली आपल्या वजनाने सरकते, ती कमी वेगाने चालते आणि आत पूड कमी अडकते. म्हणून हातचक्क्या आणि बहुतेक स्वस्त विद्युत यंत्रे या प्रकारची असतात. सपाट चकत्यांत पूड केंद्रापासून कडेकडे फेकली जाते. कोणत्या चकत्यांची कॉफी चांगली याविषयी शौकिनांमध्ये न संपणारा वाद आहे. सर्वसाधारणपणे शंकूच्या चकत्यांमुळे पेयाला अंग येते आणि मोठ्या सपाट चकत्यांमुळे स्वाद वेगवेगळे ओळखू येतात असे म्हटले जाते. पण चकतीच्या आकारापेक्षा तिचा दर्जा, दातांची रचना आणि अक्षाचा सरळपणा यांचा परिणाम अधिक असतो. पोलादी चकत्या धारदार असतात. सिरॅमिकच्या चकत्या गंजत नाहीत आणि सावकाश झिजतात, मात्र बियांत खडा आला तर टवका उडण्याचा धोका त्यांना जास्त.

भारतातील संदर्भ

भारतातील कॉफीचे उत्पादन प्रामुख्याने कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत होते. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्यास तिची लागवड आढळते. दक्षिणेत घरी दळण्याऐवजी ओळखीच्या दुकानातून आठवड्यापुरती पूड दळून आणण्याची रीत रुजली. मुंबईत माटुंग्यासारख्या दक्षिण भारतीय वस्तीच्या भागातही अशी दुकाने आहेत, जिथे गिऱ्हाईक अरेबिका किती, रोबस्टा किती आणि चिकोरी किती हे सांगून आपल्या समोर दळून घेते. ज्यांच्या घराजवळ असे दुकान आहे आणि ज्यांच्या घरी रोज फिल्टर कॉफीच होते, त्यांना स्वतंत्र ग्राइंडरची गरज पडतेच असे नाही. दुकानातील मोठ्या यंत्राचे दळण स्वस्त घरगुती यंत्रापेक्षा पुष्कळदा एकसारखे असते. ताजेपणात थोडे उणे पडले तरी एकूण हिशेब दुकानाच्या बाजूने जाऊ शकतो.

तयार पुडीच्या बाबतीत मात्र पाकीट वाचणे आवश्यक ठरते. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफीचे प्रमाण ५१ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. म्हणजेच ‘फिल्टर कॉफी’ म्हणून घेतलेल्या पाकिटात कायदेशीररीत्याच जवळपास निम्मी चिकोरी असू शकते. अख्ख्या बिया घेण्याचा एक सरळ फायदा हा, की काय विकत घेतले ते डोळ्यांना दिसते. घरी दळणाऱ्यांना चिकोरी हवी असल्यास ती वेगळी आणून दळलेल्या पुडीत नंतर मिसळावी. भाजलेली चिकोरी हवेतील ओलावा ओढून चिकट होते, त्यामुळे ती चकत्यांत घालू नये. मराठी घरांत कॉफीत घातल्या जाणाऱ्या जायफळालाही हेच लागू आहे. ते किसणीवरच बरे. ग्राइंडरात एकदा दळले तर त्याचा वास पुढे कित्येक दिवस निघत नाही.

ग्राइंडरची निवड

निवडीचा पहिला प्रश्न किमतीचा नसून कॉफी कोणत्या पद्धतीने करायची हा आहे. फ्रेंच प्रेस आणि फिल्टर यांना थोडी तफावत खपते. एस्प्रेसोला खपत नाही; तिथे फटीत अगदी थोडा बदल केला तरी पेयाला लागणारा वेळ अनेक सेकंदांनी पुढेमागे होतो. म्हणून एस्प्रेसोसाठी फट अत्यंत लहान टप्प्यांत किंवा टप्प्यांविना बदलता येईल असे यंत्र लागते. एस्प्रेसो यंत्रावर सर्व पैसे खर्चून ग्राइंडर जुजबी घेणे ही नवशिक्यांच्या खरेदीतील सर्वांत महाग पडणारी गोष्ट होय, कारण अशा जोडीतून चांगला पेला निघणे जवळजवळ अशक्य असते. उलट रोज एक-दोन पेले फिल्टर कॉफी पिणाऱ्याने एस्प्रेसोच्या तोडीचा ग्राइंडर घेण्याला फारसा अर्थ नाही.

दुसरा प्रश्न हात की वीज हा. सारख्या किमतीत हातचक्कीच्या चकत्या आणि अक्ष यांचा दर्जा बहुधा वरचा असतो, कारण मोटारीचा खर्च वाचतो. ती आवाज कमी करते, प्रवासात नेता येते आणि वीज गेली तरी चालते. फिल्टरसाठी २० ग्रॅम बिया चांगल्या हातचक्कीत मिनिटभरात होतात. एस्प्रेसो किंवा तुर्की दळणाला बराच अधिक वेळ आणि जोर लागतो. चार-पाच माणसांच्या घरात सकाळी ५० ग्रॅम दळायचे तर ही चक्की लवकरच फडताळात जाते. संधिवात असलेल्या किंवा मनगट दुखणाऱ्या व्यक्तीसाठी विद्युत यंत्रच योग्य. अगदी स्वस्त हातचक्क्यांत एक ठरावीक दोष आढळतो: दांड्याला खालच्या बाजूने आधार नसल्याने आतली चकती डगमगते, आणि फट जितकी मोठी करावी तितकी ही डगमग वाढते. अशा चक्कीत बारीक दळण बरे येते, जाड दळण मात्र ओबडधोबड होते. घेण्यापूर्वी दांडा हाताने आडवा हलवून पाहिल्यास हा दोष लगेच कळतो.

तिसरा मुद्दा दुरुस्तीचा. भारतात मिक्सर दुरुस्त करणारा कारागीर प्रत्येक शहरात आणि बहुतेक तालुक्यांच्या गावीही सापडतो. आयात केलेल्या ग्राइंडरची चकती किंवा दंतचक्र तुटले तर तो भाग परदेशातून मागवावा लागू शकतो. म्हणून सुट्या चकत्या देशात मिळतात का, यंत्र साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडते का, हे फेऱ्यांच्या संख्येपेक्षा आणि डिजिटल पडद्यापेक्षा आधी विचारावे.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून ग्राइंडर मागवण्याची पद्धत मराठी कुटुंबांत पुष्कळ दिसते. तिथला वीजपुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि भारतातील २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो. रोहित्र लावून व्होल्टेज उतरवता येते, पण वारंवारता बदलत नाही. त्यामुळे प्रेरण मोटार असलेले यंत्र सुमारे एक-षष्ठांशाने सावकाश चालते आणि अधिक तापते. अॅडॉप्टरवर ‘१००–२४०’ असे छापलेले एकदिश प्रवाहाचे यंत्र मात्र केवळ पिन बदलून चालते.

वापर आणि निगा

बिया लागतील तेवढ्याच मोजून घ्याव्यात आणि पेय करण्याच्या लगेच आधी दळाव्यात. यंत्राच्या आत प्रत्येक वेळी थोडी पूड अडकून राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या कॉफीत मिसळते. फट बदलल्यानंतर दोन-चार ग्रॅम बिया दळून टाकून देण्याची रीत यामुळेच आहे. विद्युत यंत्राची फट बारीककडे नेताना मोटार चालू असावी, नाहीतर चकत्यांमध्ये अडकलेले तुकडे दबून बसतात.

कोरड्या हवेत पूड भांड्याच्या कडांना चिकटते आणि उडते. याचे कारण घर्षणाने निर्माण होणारी स्थिर विद्युत होय. दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून त्या हलवल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो. ही शौकिनांमधली जुनी युक्ती ओरेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये तपासली. पाण्यामुळे विद्युतभार कमी होतो आणि पुडीच्या गुठळ्याही कमी होतात असे त्यांना आढळले. हातचक्कीच्या पोलादी चकत्या अशा थेंबाने गंजत नाहीत, परंतु चमचाभर पाणी ओतणे म्हणजे युक्ती नव्हे. गोठवलेल्या बियांवर २०१६ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बिया जितक्या थंड, तितकी पूड बारीक आणि एकसारखी येते असे दिसले. घरी हे करायचे तर बिया हवाबंद ठेवून एका वेळेपुरत्याच बाहेर काढाव्यात. डबा रोज उघडबंद केल्यास कोकणासारख्या दमट हवेत बियांवर पाणी धरते.

गडद भाजणीच्या बियांचे तेल चकत्यांवर साचून खवट होते आणि तो वास पुढच्या प्रत्येक पेल्यात येतो. म्हणून आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा चकत्या सुट्या करून सफाई करावी. पोलादी चकत्या पाण्याने धुऊ नयेत. मिक्सरचे भांडे कोरडे तांदूळ फिरवून साफ करतात तसे चकत्यांच्या ग्राइंडरमध्ये करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु तांदूळ भाजलेल्या कॉफीपेक्षा बराच कठीण असल्याने लहान मोटारीवर ताण येतो आणि काही उत्पादक त्यास स्पष्ट मनाई करतात. सुट्या बिया वजनावर घेतल्या असतील तर त्या ताटात पसरून निवडून घ्याव्यात. धान्याप्रमाणे त्यांतही कधी खडा निघतो, आणि एक खडा चकतीचे दात मोडायला पुरेसा असतो.